चोकला लावलेला चिमटा

माझ्याकडे गाडी तपासायला येणारे लोक आधी सायलेन्सरचं तोंड घासून यायचे. कुणी राखेने, कुणी जुन्या बनियनने. एका वकीलसाहेबांनी तर घरातली भांडी घासायची तारेची घासणी वापरली होती. ती डिकीत सापडल्यावर "मेश्राम जी, घर में मत बताइएगा" म्हणत त्यांनी ती माझ्याच गळ्यात मारली. धूर आतून येतो, तोंड धुऊन काय होणार, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो. लोक मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा सायलेन्सर लखलखीत करून आणायचे. काही जण पेट्रोलच्या टाकीत डांबराच्या गोळ्या टाकून यायचे, त्याने इंजिन साफ होतं म्हणे. एकाने डॅशबोर्डवर उदबत्ती लावून आणली होती.

सरकारी गॅरेजातली नोकरी सोडून मी लखनौला आलमबागमध्ये, बस अड्ड्याच्या अगदी समोर, इंजिन ट्युनिंगचं छोटं दुकान टाकलं तो नव्वदच्या दशकाचा सुरुवातीचा काळ. दोन-तीन वर्षांत प्रदूषणाच्या कागदाची सक्ती सुरू झाली आणि मी कर्ज काढून तपासणीचं यंत्र घेतलं. लखनौमधला मराठी माणूस म्हणजे बँकेत नाहीतर सरकारी कंपनीत, अशी तिथल्या लोकांची समजूत. हात काळे असलेला मराठी मिस्त्री बघून ते जरा गोंधळायचे. आमच्या मराठी लोकांनाही मंडळाच्या कार्यक्रमात मला कुठे बसवावं ते कळायचं नाही. गाडी बंद पडली की मात्र सगळ्यांना माझा पत्ता आठवायचा.

यंत्राचं काम साधं होतं. एक लांब नळी सायलेन्सरमध्ये खुपसायची, गाडी नुसती चालू ठेवायची आणि काटा कुठे थांबतो ते बघायचं. हा काटा धूर मोजत नाही, हे मात्र कुणाला पटायचं नाही. पेट्रोलच्या गाडीत जो मोजायचा तो वायू डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. पेट्रोल पुरतं जळलं नाही की तो तयार होतो. बंद जागेत तो माणसाच्या रक्तात प्राणवायूची जागा घेतो. आधी डोकं जड होतं, मग मळमळतं, मग झोप येते. पुढचं सांगत नाही. गाडी नापास झाली की लोक मला शिव्या द्यायचे, पण माझ्या दृष्टीने तो काटा म्हणजे इंजिनाने केलेली तक्रार होती. ती कशाबद्दल आहे ते शोधणं हा माझा खरा धंदा, आणि त्यात मला फार थोड्या वेळा हार मानावी लागली. ही गोष्ट मात्र वेगळी आहे. हिच्यात बिघाड सापडला, गाडी दुरुस्तही झाली, आणि तरी मला अजून चैन नाही.

बोरकरसाहेब बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे, विकास नगरमध्ये स्वतःच्या घरात राहणारे. पांढरी, म्हातारी झालेली अँबॅसडर त्यांनी फार जपली होती. थंडीच्या सुरुवातीला ते कागद काढायला आले. गाडी नापास झाली. मी कार्बुरेटर उघडून साफ केला, प्लग बदलले, ऑइल बदललं, हवेची जाळी झटकली. काटा खाली आला. मी कागद लिहून दिला. साहेब खूश होऊन गेले.

महिना-दीड महिना झाला असेल, तोच ते परत आले. गाडी धक्के खात होती.

"मेश्राम, काय केलं हो तुम्ही? स्टार्टच नाही होत धड."

मला राग आला. माझ्या हाताखालून गेलेली गाडी इतक्या लवकर परत यावी हे माझ्या इभ्रतीला लागलं. मी नळी लावली. काटा पहिल्यापेक्षाही वर गेला.

"साहेब, चोक ओढून ठेवलाय का?" असं विचारत मी दारातून आत डोकावलो. चोक म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल पाजायची दोरी. डॅशबोर्डवर तिची मूठ असते. सकाळी ओढायची आणि इंजिन तापलं की आत ढकलायची. जुन्या गाड्यांत ती मूठ सैल होऊन आपोआप आत जाते. साहेबांनी ती जाऊ नये म्हणून तिला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावला होता. चिमट्याचं लाकूड बोटांच्या तेलाने काळपट झालं होतं.

"अच्छा, हे विसरलोच," म्हणत त्यांनी तो चटकन काढून खिशात टाकला.

मी मनात म्हटलं, सापडलं. मूठ आत ढकलली, इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवलं आणि पुन्हा काटा बघितला. थोडा उतरला, पण नापास तो नापासच. कार्बुरेटर तर मीच साफ केलेला. मग मी इंजिनाच्या पोटातून हवेच्या डब्याकडे जाणारी रबरी नळी उपटून काढली. काटा सरसर खाली आला. ऑइल मोजायची पट्टी काढून नाकाशी नेली. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता आणि ते पाण्यासारखं पातळ झालं होतं.

याचा अर्थ सांगतो. इंजिन थंडच राहिलं आणि चोक ओढलेलाच राहिला, की जास्तीचं पेट्रोल जळत नाही, खाली ओघळून ऑइलमध्ये मिसळतं. मग कधीतरी गाडी तापली की ते पेट्रोल वाफ होऊन त्या रबरी नळीतून पुन्हा इंजिनात येतं आणि काटा चढतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हे इतकं होत नाही. हे होतं रोज बराच वेळ जागच्या जागी उभी राहून घुरघुरणाऱ्या गाडीत. प्लग काढले, तर त्यांच्यावर मखमलीसारखी कोरडी काजळी. गाडी किती किलोमीटर चालली ते दाखवणाऱ्या मीटरकडे बघितलं, तर तो मागच्या वेळेपासून जेमतेम हलला होता.

"साहेब, गाडी रोज काढता ना?"

"रोज. संध्याकाळी इथेच तर येतो आलमबागला. मुलगा येतो ना कानपूरहून, आनंद. त्याला घ्यायला."

माझं दुकान बस अड्ड्यासमोर. कानपूरची बस माझ्या डोळ्यांसमोर लागायची. पांढरी अँबॅसडर मी तिथे एकदाही बघितली नव्हती. प्लग तर खोटं बोलत नाहीत.

ऑइल पुन्हा बदलून गाडी त्यांच्या हवाली केली. जाताना ते कपाळ चोळत म्हणाले, "तुमच्याकडे गोळी आहे का हो डोकेदुखीची? हल्ली संध्याकाळी डोकं फार जड होतं. आमच्या हिलाही होतं. थंडीचं असेल."

डोकं जड होणं ही त्या वायूची पहिली खूण. घरी जाऊन बायकोला, शोभाला, सगळं सांगितलं.

"अहो, काय बोलताय?" ती हातातलं काम टाकून म्हणाली. "आनंद बोरकर गेला ना! कावीळ झाली होती, कानपूरलाच गेला. आपण इथे यायच्याही आधी. मंडळातल्या सगळ्या बायकांना माहीत आहे. त्या बोरकरवहिनींना मेंदूचा झटका आल्यापासून काही आठवत नाही म्हणतात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं आणि स्कूटर काढून विकास नगरला गेलो. धुकं उतरायला लागलं होतं. साहेबांच्या घराला लागूनच गाडीची खोली होती. तिचं शटर पूर्ण खाली होतं. आतून इंजिनाचा आवाज येत होता आणि शटरच्या खालच्या फटीतून धूर बाहेर सरकत होता. मी शटरवर दोन्ही हातांनी धडाधडा मारलं. आवाज थांबला. बऱ्याच वेळाने शटर हातभर वर झालं आणि साहेब वाकून बाहेर बघायला लागले. डोळे लाल, पाय अडखळत होते.

"मेश्राम? तुम्ही इथं कसे?"

मी शटर पूर्ण वर केलं, त्यांना हाताला धरून बाहेर ओढलं आणि अंगणातल्या ओट्यावर बसवलं. आत मूठ ओढलेली होती आणि तिला तो चिमटा होता.

"मरायचंय का तुम्हाला?" मी ओरडलोच. वयाचा, हुद्द्याचा मुलाहिजा ठेवायचं भान राहिलं नाही.

तेवढ्यात घरातून बाईचा बारीक आवाज आला, "अहो, आला का आनंद?"

साहेबांनी मला गप्प राहायची खूण केली आणि तिकडे तोंड करून म्हणाले, "नाही गं. बस लेट आहे."

"बरं. त्याच्यासाठी पोळ्या झाकून ठेवा," आतून आवाज आला.

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. आनंद कानपूरला नोकरीला होता, शनिवारी बसने यायचा आणि हे गाडी घेऊन त्याला आणायला आलमबागला जायचे. वहिनींना झटका आल्यावर मधली सगळी वर्षं पुसली गेली. रोज संध्याकाळ झाली की त्या विचारायच्या, आनंदला आणायला जात नाही का? सुरुवातीला साहेबांनी खरं सांगितलं. वहिनींनी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा आकांत केला. सकाळी विसरल्या आणि संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा खरं सांगितलं, पुन्हा तोच आकांत.

"रोज एकदा मुलगा मारायचा का हो मी?" साहेब म्हणाले. "म्हणून मग निघतो म्हणतो. तिला गाडीचा आवाज ऐकू आला पाहिजे, नाहीतर तिला पटत नाही. पण तिला एकटीला सोडून आलमबागला जाणार कसा? म्हणून इथेच बसतो गाडीत. आवाजाने तिला बरं वाटतं. मग बंद करून आत जातो आणि सांगतो, बस लेट आहे. झोपते ती."

"आणि शटर?"

"लोक काय म्हणतील? म्हातारा उभ्या गाडीत बसून भुर्र करतोय म्हणून हसतील नाही तर कीव करतील. बँकेत इतकी वर्षं मान ताठ ठेवून काढली, मेश्राम."

मी उठून गाडीच्या खोलीत गेलो. घराकडच्या भिंतीत वर एक झरोका होता, त्याला तारेची जाळी. पलीकडे वहिनींची खोली. मी स्टुलावर चढून जाळीला बोट लावलं आणि साहेबांना दाखवलं. बोट काळं झालं होतं.

"ही काजळी तिकडे जाते तर तो वायूही जातो, साहेब. तुमचं डोकं दुखतं, वहिनींचं दुखतं, ते थंडीने नाही. माझ्या यंत्रावर ज्याने काटा चढतो ना, ते रोज संध्याकाळी तुम्ही त्यांच्या उशाशी सोडताय."

माणसाचा चेहरा असा उतरलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. ते त्या काळ्या बोटाकडे बघत राहिले आणि लहान पोरासारखे रडले. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

उपाय माझ्याकडे एकच होता, आणि तो इंजिनाचाच होता. गाडी चालली पाहिजे. रस्त्यावर, तापून, चोक आत ढकलून. त्यासाठी संध्याकाळी वहिनींजवळ कुणीतरी बसायला हवं. साहेब नको नको म्हणत असतानाच मी शेजारचं दार वाजवलं. शुक्लाआंटी बाहेर आल्या. मी शब्द जुळवत होतो, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"भैया, हमें क्या बता रहे हैं? रोज़ शटर के नीचे से धुआँ निकलता है, रोज़ आवाज़ आती है। पूरी गली जानती है। भाईसाहब को बुरा न लगे, इसलिए कोई कुछ बोला नहीं।"

साहेब मान खाली घालून उभे होते. ज्यांच्यापासून लपवायला शटर ओढलं, त्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी अदबीने तोंड फिरवलं होतं. लखनौची ही तऱ्हा मला अजून कळलेली नाही. समोरच्याचा मान राखण्यासाठी ही माणसं वाटेल ते करतील, प्रसंगी त्याला मरूही देतील. पण त्या बाईंनी तेव्हाच शाल घेतली आणि म्हणाल्या, "कल से शाम को मैं बैठ जाऊँगी। सब्ज़ी वहीं काट लूँगी।"

झरोका मी विटा लावून बुजवला. चिमटा मागून घेतला.

त्यानंतर साहेब खरोखरच येऊ लागले. संध्याकाळी पांढरी अँबॅसडर बस अड्ड्याच्या बाजूला, माझ्या दुकानासमोर उभी राहायची. इंजिन बंद करून साहेब माझ्या बाकावर बसायचे, चहा घ्यायचे. कानपूरची बस लागायची, माणसं उतरायची, सामान उतरायचं. शेवटचा माणूस उतरेपर्यंत ते बघायचे आणि मग गाडी काढून घरी जायचे. त्यांची डोकेदुखी गेली. वहिनीही बऱ्या दिसतात, जेवण जरा वाढलंय असं सांगायचे. एकदा मी नळी लावून बघितली, काटा मर्यादेच्या खूप खाली होता. प्लग काढला, तर बिस्किटासारखा फिकट तपकिरी. इंजिनाची तब्येत चांगली असण्याचा तो रंग. मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

होळी झाली आणि ऊन तापायला लागलं. एक दिवस साहेब माझ्याकडे बाकावर बसलेले होते, चहा अर्धा झाला होता, आणि माझ्या दुकानातला फोन वाजला. शुक्लाआंटी होत्या. वहिनींना दुसरा झटका आला होता. साहेबांना मी गाडी चालवू दिली नाही, मीच चालवली. चारबाग ओलांडलं, पूल ओलांडला, सगळे सिग्नल आडवे आले. साहेब सारखे एकच म्हणत होते, "जोरात घ्या, मेश्राम." त्या म्हाताऱ्या गाडीने एकदाही धक्का खाल्ला नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

शुक्लाआंटी दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "कुछ तकलीफ़ नहीं हुई, भाईसाहब। हमारा हाथ पकड़े थीं। बोलीं, ये लेने गए हैं, आते होंगे।"

मी बाहेर ओट्यावर बसलो. इतकी वर्षं हा माणूस एक संध्याकाळ बायकोला सोडून गेला नव्हता. भिंतीपलीकडे असायचा, हाक मारली तर ओ द्यायचा. मी त्याला तिथून उठवून शहराच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या बाकावर नेऊन बसवलं. नेलं नसतं तर दोघंही त्या थंडीतच गेले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे. डॉक्टरांनाही नंतर विचारलं, ते तेच म्हणाले. तरी ती संध्याकाळ माझ्या छातीवरून उतरत नाही.

साहेब मला एका शब्दानेही बोलले नाहीत. दिवसकार्य झालं, पाहुणे परत गेले. आता ही गाडी विकतील, असं मला वाटत होतं.

मग एका संध्याकाळी मी कुणाच्या तरी कार्बुरेटरमध्ये डोकं घालून बसलो होतो, वर बघितलं तर समोर पांढरी अँबॅसडर उभी. साहेब उतरले नव्हते. स्टिअरिंगवर हात ठेवून अड्ड्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही. बाकावर यायचे नाहीत, चहाला हात हलवून नको म्हणायचे. आता घरी कुणी विचारणारं नव्हतं, गाडीचा आवाज ऐकून निवांत होणारं नव्हतं. कुणासाठी येता, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कागदाची मुदत संपली तेव्हा मी स्वतःच नळी घेऊन बाहेर गेलो आणि गाडी तिथेच उभी असताना तपासली. उत्तम होती. तिच्या वयाच्या दुसऱ्या कुठल्याही गाडीने इतका स्वच्छ श्वास सोडलेला मी बघितला नाही. आत डोकावलो, तर चोकची मूठ आपल्या जागी, आत. मी कागद लिहून त्यांच्या हातात दिला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. कानपूरची बस नुकतीच आत वळत होती.

मी हात पुसले, पलीकडचं दार उघडलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. बसमधून माणसं उतरली, हमाल धावले, रिक्षावाले ओरडले. शेवटी कंडक्टर उतरला आणि त्याने दार लावून घेतलं.

"आला का आनंद?" मी विचारलं.

साहेबांनी किल्ली फिरवली.

"नाही हो," ते म्हणाले, "बस लेट आहे."